सशाचे पिल्लू आणि हिरवा पाला : माळशिरस परिसराच्या अनुरोधाने

घरी ससे पाळणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात एक हकिकत वारंवार येते. मुलांसाठी सशाचे एक लहान पिल्लू आणले, त्यास कोवळी मेथी अगर लसूणघास घातला, दोन दिवस त्याने तो आवडीने खाल्ला, तिसऱ्या दिवशी त्यास हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ते दगावले. यावरून निघणारा निष्कर्षही ठरलेला असतो : हिरवा पाला पिल्लास सोसत नाही. ससेपालनावरील पुस्तकांतून या निष्कर्षास एक आकडाही जोडलेला दिसतो. वयाची १२ आठवडे पुरी होईपर्यंत पिल्लास ताजी भाजी देऊ नये, असा तो नियम होय. उलटपक्षी, ज्यांच्या घरी मादी पिलांसह नांदते, त्यांचा अनुभव निराळा असतो. तीन आठवड्यांची पिले आईच्या शेजारी बसून तिच्याच पुढ्यातील घास कुरतडतात आणि चांगली वाढतात. दोन्ही अनुभव खरे आहेत. मग विरोध कोठे आहे, आणि पिल्लू घरी आणणाऱ्याने यांपैकी कोणता अनुभव प्रमाण मानावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास असलेला माळशिरस तालुका उदाहरणादाखल घेतला आहे. आहारविषयक नियम परदेशी ग्रंथांतून जसेच्या तसे उचलले, तर ते येथील गवताशी व येथील उन्हाळ्याशी जुळत नाहीत, हे त्यामागील कारण.

प्रारंभी प्राण्याची ओळख पक्की केली पाहिजे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांस लावला जातो. उसाच्या फडात अगर माळरानावर जो आढळतो तो रानससा, लेपस नायग्रिकोलिस. पाळीव ससा हा इबेरियन द्वीपकल्पातून आलेल्या ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या जातीचा वंशज. पहिल्याची गुणसूत्रे ४८, दुसऱ्याची ४४. रानसशाचे पिल्लू जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांचे असते. पाळीव सशाचे पिल्लू उघडे, आंधळे व सर्वस्वी घरट्यावर अवलंबून असते. ऊसतोडीच्या वेळी सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणून त्यास पाला भरविण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु रानसशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे आणि असे पिल्लू मानवी हातात क्वचितच जगते. ते जेथे सापडले तेथेच, लगतच्या झुडपाखाली, ठेवणे हाच योग्य मार्ग होय. पुढील सर्व विवेचन पाळीव सशापुरतेच आहे.

पाळीव सशाची मादी आपल्या पिलांस दिवसातून साधारणतः एकदाच, आणि तेही अवघी तीनचार मिनिटे, पाजते. या अल्प वेळात पिल्लू पोट तट्ट भरून घेते व उरलेला दिवस ते दूध हळूहळू पचविते. प्रौढ सशाच्या जठरातील आम्लता तीव्र असते. तिचे पीएच मूल्य १ ते २ इतके खाली असते आणि त्या आम्लात बहुतेक सूक्ष्मजंतू मरतात. दूधपित्या पिलाच्या जठरात मात्र ते ५ ते ६.५ च्या दरम्यान असते. म्हणजे जंतूंविरुद्ध आम्लाची भिंत अद्याप उभी राहिलेली नसते. तरीही पिलाचे जठर बहुतांशी निर्जंतुक राहते, ही गोष्ट संशोधकांस दीर्घकाळ कोड्यात टाकीत होती. १९६६ मध्ये कॅन्यास-रॉड्रिग्ज व स्मिथ यांनी तिचा उलगडा केला. दुधातील स्निग्धांशापासून पिलाच्या जठरात ऑक्टॅनोइक व डेकॅनोइक ही दोन मेदाम्ले मोकळी होतात आणि तीच जंतूंस आवर घालतात. दूध तुटले की हे संरक्षण तुटते, आणि आम्लाची भिंत तर पुरती उभी राहिलेली नसते. मधला हा काळ पिलाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ होय. बाजारातून पिल्लू घरी येते ते बहुधा याच काळात.

आता पचनमार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. सशाचे उंडुक, म्हणजे लहान व मोठे आतडे जेथे मिळतात तेथील आंधळी पिशवी, शरीराच्या मानाने अतिशय मोठे असते. संपूर्ण अन्नमार्गाच्या धारणशक्तीपैकी सुमारे चाळीस टक्के वाटा एकट्या उंडुकाचा. गाईच्या पोटात किण्वन आधी व पचन नंतर होते. सशाच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. अन्नातील जे जे सहज पचणारे ते लहान आतड्यात शोषले जाते. उरलेल्यातील भरड चोथा बृहदांत्राच्या विशिष्ट हालचालींमुळे वेगळा निघून कठीण लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि बारीक कण व द्रव मात्र मागे ढकलले जाऊन उंडुकात साठतात. तेथे सूक्ष्मजंतू त्यांचे किण्वन करून ॲसेटिक, ब्युटिरिक व प्रोपिऑनिक आम्ले तयार करतात. ही आम्ले आतड्याच्या भिंतीतून शोषली जाऊन सशास ऊर्जा पुरवितात. जंतूंच्या देहातील प्रथिने व ब जीवनसत्त्वे वाया जाऊ नयेत म्हणून ससा उंडुकातील हा माल मऊ, चकचकीत, बुळबुळीत आवरणाच्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर टाकतो आणि थेट गुदद्वारापासूनच तोंडात घेऊन न चावता गिळतो. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. ज्यांनी ती कधी पाहिलेली नाही त्यांस ती किळसवाणी वाटते. परंतु तिच्यात खंड पडणे हेच सशाच्या अनारोग्याचे लक्षण आहे.

या सर्व व्यवस्थेचा पाया म्हणजे उंडुकातील जंतूंची वसाहत, आणि ही वसाहत पिल्लू जन्मास येताना बरोबर आणीत नाही. ती त्यास मिळवावी लागते. मादी पाजावयास येते तेव्हा घरट्यात आपल्या काही कठीण लेंड्या टाकून जाते. पिले दुसऱ्या आठवड्यापासून त्या कुरतडतात. या लेंड्या काढून टाकल्या तर उंडुकातील वसाहत उशिरा बसते, असे प्रयोगांती दिसून आले आहे. सुमारे १८ ते २१ दिवसांच्या सुमारास पिले घरट्याबाहेर पडून आई जे खाते ते चाखू लागतात. फ्रान्समधील कोंब व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ दिवसांच्या पिलांपासून ७० दिवसांच्या पिलांपर्यंत उंडुकातील जंतूंचा मागोवा घेतला आहे. लहान वयात एका पिलातील वसाहत दुसऱ्या पिलातील वसाहतीहून बरीच भिन्न असते. वय वाढत जाते तसतशी ती परस्परांसारखी व स्थिर होत जाते. दूध पचविणाऱ्या जंतूंची जागा चोथा पचविणारे जंतू घेतात. हा बदल एका दिवसात होत नाही. त्यास आठवडे लागतात, आणि त्याची दिशा पिल्लू या काळात काय खाते यावर अवलंबून असते.

येथे प्रारंभीच्या विरोधाचा उलगडा होतो. आईच्या शेजारी घास कुरतडणारे पिल्लू पहिल्या दिवशी एखादे पान खाते, त्याच वेळी दूधही पिते, आणि ज्या जंतूंना तो घास पचविता येतो ते जंतू आईच्या लेंड्यांतून त्यास आधीच मिळालेले असतात. बाजारातील पिल्लू पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेले असते. तोवर ते कदाचित कोरड्या गोळीपेंडीवर वाढलेले असते. प्रवासात ते उपाशी राहिलेले असते. आणि नव्या घरी पोहोचताच कौतुकाने त्याच्यापुढे मेथीची आख्खी जुडी येते. दोन्ही ठिकाणी वय सारखेच असू शकते, पालाही एकच असू शकतो. फरक पडतो तो आकस्मिकतेचा. १२ आठवड्यांचा नियम हा दुसऱ्या प्रकारच्या पिलासाठी केलेला सावधगिरीचा नियम आहे. पिलाचा पूर्वेतिहास ज्ञात नसेल तेव्हा तो पाळणे शहाणपणाचे. परंतु त्यास शरीरशास्त्राचा सिद्धांत समजणे चूक ठरेल. म्हणून पिल्लू आणणाऱ्याने विकणाऱ्यास पहिला प्रश्न विचारावयाचा तो पिलाच्या वयाचा नव्हे, तर त्याची आई काय खात होती हा. शक्य असेल तर त्याच खाद्याची आठदहा दिवस पुरेल इतकी पिशवी बरोबर आणावी.

आणखी एका गोष्टीचा येथेच विचार केला पाहिजे, कारण तिच्यामुळे हिरव्या पाल्यावर पुष्कळदा नाहक आळ येतो. दूध तुटण्याच्या सुमारास पिलांत होणाऱ्या हगवणीचे एक फार मोठे कारण आयमेरिया या प्रजातीतील आदिजीव हे असते. त्यांस सामान्यतः कॉक्सिडिया म्हणतात. एक जात यकृतात वाढते, इतर जाती आतड्यात. चौथ्या ते बाराव्या आठवड्यातील पिलांवर त्यांचा जोर अधिक असतो. म्हणजे हगवणीचा काळ आणि पाला प्रथम देण्याचा काळ हे एकमेकांवर पडतात, आणि पाहणाऱ्याचे लक्ष जे दृश्य आहे त्याकडे, म्हणजे पाल्याकडे, जाते. पशुवैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली लेंडी तपासल्याशिवाय या दोहोंतला भेद कळत नाही. पाल्याचा दोष नाहीच असे मात्र नव्हे; दुसऱ्या सशांच्या लेंड्यांनी दूषित झालेला पाला हेच या आदिजीवांचे वाहन होऊ शकते. पाला जमिनीवर न टाकता उंच टांगून द्यावा, हा जुन्या ससेपालकांचा संकेत या दृष्टीने अगदी सयुक्तिक आहे.

माळशिरस तालुक्यापुरते पाहावयाचे तर भूमीचे दोन भाग सहज दिसतात. उत्तरेस नीरा नदी व नीरा उजव्या कालव्याचे पाणी लाभलेला ऊसबागायतीचा पट्टा. दक्षिणेस पर्जन्यछायेतील कोरडवाहू जमीन व माळरान. पहिल्या भागात लसूणघास, मका व भाजीपाला बारमाही मिळतो. दुसऱ्या भागात रब्बी ज्वारीचा कडबा आणि पावसाळ्यानंतर कापलेले माळगवत हाच आधार. सशाच्या पिलास या दोन्ही भागांची गरज आहे, आणि प्रथम गरज आहे ती दुसऱ्या भागाची. कारण हिरवा पाला हा कोरड्या चोथ्यावर चढवावयाचा असतो. त्याच्या जागी द्यावयाचा नसतो. चोथ्यामुळे आतड्याची हालचाल चालू राहते, उंडुकात माल साचून कुजत नाही, आणि सतत वाढणाऱ्या दातांची झीज होते. सशाचे पटाशीचे दात आठवड्यास सुमारे दोन मिलिमीटर वाढतात, यावरून चर्वणाचे महत्त्व ध्यानात येईल.

इंग्रजी पुस्तकांतून या कामी टिमथी नावाच्या गवताची शिफारस असते. ते थंड प्रदेशातील गवत आहे. माळशिरसच्या माळावर ते उगवत नाही व त्याची उणीवही भासण्याचे कारण नाही. मारवेल व पवना ही येथील माळगवते फुलोऱ्याच्या आधी कापून सावलीत वाळविली तर ती टिमथीचे काम उत्तम करतात. वाळलेली हरळीही चालते. कडब्याची ताटे पिलाच्या दातांस कठीण जातात, परंतु त्याची पाती पिले खातात. कडब्यातील प्रथिनांचे प्रमाण वाढत्या पिलास अपुरे असते, त्यामुळे केवळ कडब्यावर पिल्लू पोसू नये. बुरशी आलेला, गंजीच्या तळचा, काळपट कडबा तर कोणत्याही वयात त्याज्यच.

कोरडे गवत पिल्लू मनसोक्त खाऊ लागले, लेंड्या गोल, सुट्या व एकसारख्या पडू लागल्या, आणि नव्या घरी येऊन किमान आठदहा दिवस लोटले, म्हणजे हिरव्याचा आरंभ करावयास हरकत नाही. तो आरंभ हरळीने करावा. गणपतीस वाहतात तीच ही दूर्वा. ती गवतकुळातील असल्यामुळे पिलाच्या उंडुकातील जंतूंना तिची घडण अपरिचित नसते; कोरड्या गवताचेच ते ओले रूप होय. शिवाय ती परसात, बांधावर, मंदिराच्या आवारात सहज मिळते. तथापि ती कोठून तोडली हे पाहिले पाहिजे. डाळिंबाच्या बागेच्या बांधावरील हरळीवर फवाऱ्याचे तुषार उडालेले असतात. उसाच्या सरीतील हरळीवर तणनाशक मारलेले असू शकते. अशी हरळी धुऊनही भरवंशाची होत नाही. परसातील एका वाफ्यात स्वतःची हरळी राखणे फार अवघड नाही.

हरळी अंगी लागल्यावर कोथिंबीर. हिच्यात शर्करा व ऑक्झॅलेट ही दोन्ही बेताची असून पिले तिच्या वासाने आकर्षित होतात. त्यानंतर मेथी व लसूणघास यांचा क्रम लागतो. ही दोन्ही शिंबावंत कुळातील असल्यामुळे त्यांत प्रथिने अधिक आणि किण्वनही जलद. येथे नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. लसूणघासाचा लसणीशी काहीही संबंध नाही. ‘लूसर्न’ या विलायती नावाचे ते आपल्या भाषेने केलेले रूप असावे. लसूण, कांदा व त्यांची पात सशाच्या तांबड्या रक्तपेशींस घातक असल्यामुळे ती वर्ज्य आहेत. लसूणघास मात्र वाढत्या पिलास हितकारक आहे. बागायती पट्ट्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘आर. एल. ८८’ हा वाण परिचित आहे. गुरांसाठी आणलेल्या भाऱ्यातून मूठभर घास सशास काढून ठेवणे हे येथील घरांस काहीच जड नाही. अडचण निराळीच आहे. भारा बांधून रात्रभर पडला की आतून तापू लागतो. हात घालून पाहिले तर ऊब लागते. गुरे तो खातात व पचवितात. सशाच्या पिलास असा तापलेला घास देऊ नये. घास सकाळी कापलेला, पसरून थोडा सुकविलेला असावा.

पाला ओला असला म्हणजे पिलाचे पोट बिघडते, ही समजूत मात्र निराधार आहे. कोथिंबिरीच्या पानात मुळातच शेकडा ८५ हून अधिक पाणी असते, त्यात धुण्याच्या चार थेंबांनी काय भर पडणार? बिघाड होतो तो पाण्याने नव्हे. शिळेपणाने, आणि एकाच वेळी पुष्कळ खाल्ल्याने. पाला धुणे हे तर आवश्यक आहे. धुऊन निथळून द्यावा इतकेच.

चुनखडीच्या म्हणजे कॅल्शियमच्या बाबतीत ससा इतर सस्तन प्राण्यांहून वेगळा आहे. इतर प्राणी गरजेपुरतेच कॅल्शियम आतड्यातून शोषून घेतात. ससा अन्नातील कॅल्शियम बव्हंशी शोषून घेतो व जादा भाग मूत्रावाटे टाकतो. इतर प्राण्यांत मूत्रावाटे जाणारा वाटा शेकडा दोनहून कमी, तर सशात तो ४५ ते ६० पर्यंत असतो. फरशीवर वाळलेल्या सशाच्या मूत्राचा पांढरा डाग उमटतो तो यामुळेच. वाढत्या पिलाची हाडे घडत असताना लसूणघासातील भरपूर कॅल्शियम उपयोगी पडते. वाढ पुरी झाल्यावर तेच मूत्राशयात गाळाच्या रूपाने साठण्याचा संभव असतो. तेव्हा लसूणघास हे बालपणीचे अन्न आहे, ही मर्यादा आरंभीच मनाशी ठरविलेली बरी. मूत्र कधी तांबूस पडले तर घाबरून जाऊ नये. पाल्यातील रंगद्रव्यांमुळेही तसे होते. रक्ताची शंका फिटेना तर पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.

पालेभाज्यांपैकी पालक, चुका, माठ, तांदुळजा, चाकवत, राजगिरा व घोळ या सर्वांत ऑक्झॅलेटे कमीअधिक, पण लक्षणीय प्रमाणात असतात. त्या विषारी नाहीत. परंतु त्यांपैकी दोन एकाच दिवशी देऊ नयेत आणि पहिल्या महिन्यात त्यांना स्थानच देऊ नये. कोबी, फुलकोबीची पाने व मुळ्याचा पाला यांच्याविषयी वायू धरण्याची भीती घातली जाते. ती काहीशी अतिशयोक्त आहे. मुळ्याचा पाला थोडा थोडा देत गेल्यास बहुतेक ससे तो निमूटपणे पचवितात. कोबीचा मात्र आतला पांढरा गड्डा देण्यात काही लाभ नाही. शेवग्याचा पाला पौष्टिक खरा, पण कॅल्शियममुळे तो बेतानेच. सुबाभळीत मिमोसिन नावाचे द्रव्य असून ती नेहमी खाल्ल्यास सशाचे केस झडतात.

गाजराविषयी समाजात एक दृढ कल्पना आहे, ती चित्रकथांनी निर्माण केलेली. गाजराचे मूळ शर्करेने भरलेले असते. पिलाच्या लहान आतड्यात ती पुरती शोषली गेली नाही तर उरलेली उंडुकात उतरते, आणि तेथे क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मी या जंतूस विष तयार करण्यास हाच माल लागतो. माळशिरससारख्या साखरेच्या मुलखात उसाचे सोललेले करवे मुले सशापुढे धरतात. गाजरास लागू आहे तेच त्यासही दुप्पट लागू आहे. भाकरी, चपाती, बिस्किट व भरडा यांतील स्टार्चचीही गत तीच. गाजराचा पाला मात्र चांगला. पण येथेच एक सावधगिरी हवी. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले आणि आता गावोगावच्या पडीक जागा व्यापून बसलेले गाजरगवत पानांनी गाजरासारखेच दिसते, हे नावावरूनच उघड आहे. मुलास पाला आणावयास पाठविले आणि त्याने ते आणले, तर त्यास दोष देता येणार नाही. हे तण पिलास देऊ नये व उघड्या हाताने खुडूही नये. कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी, एरंड, बटाटा व टोमॅटो यांचा पाला हे सर्व वर्ज्य. कोवळ्या कडवळाच्या बाबतीत शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको : पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल उत्पन्न करणारे द्रव्य असते व त्याने गुरेही दगावतात. उसाच्या वाढ्यांची पाने धारदार व चरबट असून त्यांतही ऑक्झॅलेटे असतात. त्यांचा विचार पिलासाठी करूच नये.

देण्याच्या पद्धतीकडे वळता, तिचे सार प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यास परिचित असलेल्या एका नियमात आहे : एका वेळी एकच घटक बदलावा. पहिल्या दिवशी एकाच वनस्पतीची दोनतीन पाने, तीही कोरडे गवत खाऊन झाल्यावर. मग २४ ते ४८ तास नुसते पाहणे. काही बिघाड नसेल तर तीच वनस्पती, प्रमाण दुप्पट. चारपाच दिवस असे सुखरूप गेल्यावर पुढची वनस्पती, पुन्हा दोन पानांपासून. १२ आठवड्यांच्या सुमारास आरंभ केलेल्या पिलास पहिल्या पंधरवड्यात दिवसाकाठी एकूण १५ ग्रॅमहून अधिक पाला लागत नाही. स्वयंपाकघरातील काट्यावर तो एकदा मोजून पाहिला म्हणजे पुढे हाताचा अंदाज बसतो. आईबरोबर वाढलेल्या व तिच्याच पाल्यास सरावलेल्या पिलास नवी ओळख करून देण्याची गरज नाही. त्यास हवे आहे ते सातत्य : घर बदलल्यावरही तोच पाला, पूर्वीहून कमी प्रमाणात, पहिल्या दिवसापासून. अशा पिलाचा ओळखीचा पाला १२ आठवड्यांच्या नावाखाली तोडणे आणि मग नव्याने सुरू करणे म्हणजे त्याच्या उंडुकास दोनदा हादरा देणे होय. एकाच दिवशी पाच भाज्यांची मिसळ घातली आणि पोट बिघडले, तर त्यांपैकी कोणती बाधली हे कोणासही सांगता येणार नाही, आणि मालक पाचही भाज्या कायमच्या सोडून देईल. बहुतेक घरांत घडते ते असेच.

निरीक्षण करावयाचे ते मुख्यतः लेंड्यांचे. सकाळी पिंजऱ्यात तुतीच्या फळासारखे मऊ, चकचकीत घोस पडलेले आढळले तर ती हगवण नव्हे. उंडुकातील मऊ लेंड्या पिलाने खाल्ल्या नाहीत इतकाच त्याचा अर्थ. अन्न गरजेहून सकस झाले की असे होते. पाला अर्धा करावा व गवत वाढवावे. याउलट लेंडीचा आकारच नाहीसा होऊन पातळ, दुर्गंधीयुक्त मळ शेपटीखाली चिकटलेला दिसला, अगर पिल्लू दहाबारा तास काहीच खाईनासे झाले, तर ती तातडीची वेळ समजावी. पिलाचा जीव अशा वेळी एका दिवसाच्या आत जाऊ शकतो. हिरवे तत्काळ थांबवावे, कोरडे गवत व पाणी समोर ठेवावे, अंग उबदार राहील असे पाहावे, आणि पशुवैद्य गाठावा. सशास ओकारी होत नाही. त्यामुळे पोटात गेलेले परत येण्याचा मार्ग नाही.

औषधाच्या बाबतीत एक धोका विशेष नमूद केला पाहिजे. घरात मुलांसाठी आणलेले प्रतिजैविक औषध चार थेंब पिलास पाजण्याचा मोह पुष्कळांस होतो. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, तसेच लिंकोमायसिन व क्लिंडामायसिन ही सशाच्या उंडुकातील उपयुक्त जंतू मारून क्लॉस्ट्रिडियमास मैदान मोकळे करून देतात आणि औषधानेच ससा मरतो. गुरांच्या चिकित्सेत मुरलेल्या वैद्यासही, सशाचे रुग्ण विरळ असल्यामुळे, याची आठवण करून देण्यात संकोच बाळगू नये.

हंगामाचाही विचार हवा. मार्च ते मे या काळात येथील पारा ४० अंशांवर जातो. सशास घाम येत नाही. कानांतील रक्तवाहिन्यांवाटे व जलद श्वासाने तो उष्णता टाकतो, आणि उन्हाच्या तडाख्यात त्याचे खाणे आपोआप घटते. या दिवसांत नवी वनस्पती सुरू करू नये, कारण खाणे घटले ते उन्हाने की पाल्याने हे उमगत नाही. सरावातील पाला मात्र पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावा. दुपारचा सुकलेला, कोमेजलेला उरला पाला काढून टाकावा. उन्हाळ्यात आणलेल्या पिलाची हिरव्याशी ओळख पहिला पाऊस होऊन हवा निवेपर्यंत लांबली, तरी गवत व पाणी यथास्थित असल्यास त्याचे काही बिघडत नाही.

अशा रीतीने सहासात वनस्पती अंगवळणी पडण्यास दीड ते दोन महिने लागतात. प्रौढपणी एक किलो वजनामागे दिवसाला सुमारे एक वाटी दाबून भरलेला मिश्र पाला आणि हवे तितके कोरडे गवत हे प्रमाण पुरेसे होय. सहाव्या महिन्यानंतर लसूणघास टप्प्याटप्प्याने कमी करीत आणावा व त्याची जागा माळगवताने भरावी. हा बदलही आठवडाभरात उरकावयाचा नसतो. पहिल्या पानाच्या वेळी जी सावकाशी ठेवली, तीच येथेही ठेवावी लागते.